पावडरीचा गुस्सा

दुकानाची पायरी चढता चढताच सर विचारायचे, "काय मालक, गुस्सा कसा हाय आज?"

नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, माझ्या स्वभावाची चौकशी चालली आहे. मी कधी कुणावर धड रागावल्याचं मला आठवत नाही. ऐन तिशीतसुद्धा मी थकलेलाच माणूस होतो. सर विचारायचे ते प्रिंटरमधल्या काळ्या पावडरीबद्दल. लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते, पिठासारखी बारीक काळी पूड असते. ती आतल्या रुळाशी घासली जाते, घासल्यामुळे तिच्यात वीज भरते, आणि त्या विजेच्या ओढीनं ती नेमकी अक्षराच्या जागी जाऊन बसते. पुस्तकात याला चार्ज म्हणतात. सर गुस्सा म्हणायचे.

"गुस्सा कमी पडला की पावडर वाट्टेल तिथं सांडती, कागद राखुंडीवानी दिसतो. जास्ती झाला की रुळालाच चिकटून बसती, अक्षरापर्यंत येतच न्हाई. माणसाचं बी असंच हाय. गुस्सा पायजे, पण टिकला पायजे. सकाळी हाय अन् दुपारी न्हाई, असला गुस्सा काय कामाचा?"

मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुमच्यात तर भरतच न्हाई मालक. तुमचं अर्थिंग लय चांगलं हाय. सगळं जमिनीत जातंय."

त्यांचं हे निदान बरोबर होतं. आता या वयात मागं वळून बघतो तेव्हा तर फारच बरोबर वाटतं.

परभणीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान होतं. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा वाद अजून मिटलेला नव्हता. अधूनमधून गावबंदची हाक यायची, शटर अर्धं ओढून आम्ही आत बसायचो. गावातले खिळ्यांचे छापखाने अजून चालू होते आणि माझं यंत्र बघायला लोक सर्कशीतला प्राणी बघायला यावं तसे येत. ते यंत्र पावसाळ्यात बिघडायचं. मोडायचं नाही, फक्त कागदावर करडी धूळ उडवायचं. आणि मराठी अक्षरावर धूळ उडणं म्हणजे काय, हे मला सरांनीच शिकवलं.

ते पहिल्यांदा दुकानात आले ते भांडायला. कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. गणेशोत्सवातल्या स्पर्धांचं पत्रक आम्ही काढून दिलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'सर्व विद्यार्थ्यांनी उत्साहाने भाग घ्यावा.' पत्रक वाटून झालं आणि पोरं सरांना विचारू लागली, "सर, भांग कुठं मिळायलीय?" 'भा'च्या डोक्यावर पावडरीचा एक कण बसला होता आणि अनुस्वार होऊन बसला होता.

"हे काय हाय?" पत्रक माझ्या नाकापुढं धरून सरांनी विचारलं.

"अनुस्वार आम्ही दिलेला नाही, सर. मशीननं दिलाय."

हे ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. खिशातून भिंग काढून त्यांनी तो ठिपका पाहिला. "मशीननं? का दिला?"

"पावसाळ्यात होतं असं."

"होतं असं?" ते खुर्ची ओढून बसले. "होतं असं, हे काय उत्तर हाय का मालक?"

ते उठून गेले तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती. जाताना त्यांनी काही आडपडदा न ठेवता सांगितलं, "माझ्या बायकोला करडं दिसत न्हाई. करड्यावरचं काळं तर बिलकूल न्हाई. तुमचं मशीन नीट झालं तर तिचा वर्ग राहील. म्हणून इतका वेळ बसलो. न्हाईतर भांगेचं मला काय?"

त्यांच्या पत्नी पोखर्णीच्या वाटेवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. रोज सकाळी एस.टी.नं जात. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. त्यांच्या नजरेच्या मधोमध धूर साचत चालला होता. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चष्म्याचा उपयोग नाही, मोठं, ठळक, पांढऱ्यावर काळं असेल तेवढं काही वर्षं दिसेल. गावात कुजबुज सुरू झाली होती की बाईंना दिसत नाही. तक्रार वर गेली असती तर बाईंना घरी बसावं लागलं असतं. मूलबाळ नव्हतं. "वर्ग गेला तर मी भिंतीला बाराखडी शिकवू का?" असं त्या सरांना म्हणाल्या होत्या. सर प्रत्येक धडा मोठ्या अक्षरात लिहून देत, पण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं. ते त्यांना स्वतःलाही लागत नसे. म्हणून त्यांना माझा प्रिंटर हवा होता. मागच्या बाकावरच्या पोरांना दिसावं म्हणून मोठे कागद, असं बाई शाळेत सांगत.

तेव्हापासून सर कॉलेज सुटलं की दुकानात येत. चपला बाहेर काढत, खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवत आणि मगच यंत्राला शिवत. उन्हाळ्यात परभणीची हवा अशी कोरडी की शर्ट काढताना तडतड ठिणग्या उडत. त्यामुळं सर फक्त सुती घालत आणि टेरिकॉटवाल्या गिऱ्हाइकाला बाहेरच्या बाकावर बसवत. एकदा एका पुढाऱ्यालाही बसवलं. "तुमच्या कपड्यातच लय गुस्सा हाय साहेब, मशीन घाबरतंय." पुढारी हसला. मी मात्र पुढं महिनाभर त्याच्यासमोर आलो की खाली बघत होतो.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी खड्डा खणून घेतला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातलं, वर एक नळी ठेवली. यंत्रातली नको असलेली वीज जमिनीत जावी म्हणून हे अर्थिंग. खड्डा ओला राहिला पाहिजे, म्हणून उन्हाळाभर रोज तांब्या घेऊन ते नळीत पाणी घालत. डोळे मिटून, पुटपुटत. पुटपुटणं हिशेबाचं असायचं, पण दिसायचं अर्घ्य दिल्यासारखं. बाजाराला आलेल्या एका म्हातारीनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नळीला हळदीकुंकू लागलेलं होतं. मला वाटलं सर खवळतील. त्यांनी वाकून पाहिलं. "लावू द्या. कुंकवानं काय बिघडत न्हाई. नारळ फोडला तर अजून चांगलं, त्याच्या पाण्यात क्षार असत्यात."

त्यांचं सगळंच बरोबर ठरायचं असं नाही. लोकरीनं घासलं की वीज चांगली भरते, हे ते वर्गात शिकवत. म्हणून एक दिवस त्यांनी स्वतःच्या मफलरचा तुकडा कापून यंत्राच्या आत, पावडरीच्या रुळाला लावला. त्या दिवशी एक लग्नपत्रिका काढायची होती. लोकरीचे बारीक केस पावडरीबरोबर कागदावर गेले आणि वधूवरांच्या नावांना, मामांना, 'आमचे येथे'ला सगळ्यांना मिशा फुटल्या. नवरदेवाचे वडील ओरडत राहिले आणि मी माफी मागत राहिलो. सर कोपऱ्यात बसून भिंगानं मिशा बघत होते. "प्रयोग फसला म्हंजे प्रयोग झाला, मालक," एवढंच म्हणाले. तो कापलेला मफलर त्यांनी शेवटपर्यंत वापरला.

जुनी पावडर पूर्ण झटकल्याशिवाय ते नवी भरू देत नसत. हैदराबादहून येणारी सुटी पावडर वेगळी असायची, दोन्ही मिसळल्या की धूळ दुप्पट. "दोन जातीच्या पावडरी एकत्र केल्या की एकमेकींवर गुस्सा काढत बसत्यात," ते सांगत होते, तेव्हा बाकावरचा कुणीतरी म्हणाला, "म्हंजे आपल्या गावावानीच की सर."

"न्हाई," सर मान वर न करता म्हणाले. "पावडर करणाऱ्यानं येगयेगळी केलीय. माणसं तशी केली न्हाईत कुणी. ती आपण होऊन करायलोत."

आणि त्यांनी पावडरीचा डबा उलटा करून पुन्हा झटकला.

पुढं विद्यापीठाच्या नावाचं ठरलं, तेव्हा कॉलेजांची नवी पत्रशीर्षं काढायची धांदल उडाली. हिवाळा होता, हवा कोरडी, पावडर शहाण्यासारखी वागत होती. एका संस्थेचे गृहस्थ नमुना हातात घेऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि हळूच मला म्हणाले, "नावात वाढलेली नवीन अक्षरं जरा फिकी आली तरी चालतंय बरं का. नियमापुरतं दिसलं म्हंजे झालं."

मी मान हलवली. मान हलवणं हा माझा धंदाच होता. मला त्यातलं काही नको होतं. दिवस संपवून घरी जायचं होतं.

सर उठले. त्यांनी कागद गृहस्थाच्या हातातून घेतला आणि उजेडात धरला. "एका ओळीत दोन काळे?" ते म्हणाले. "माझ्या देखत? मालक, पुन्हा काढा. पहिलं अक्षर अन् शेवटचं अक्षर शेजारी शेजारी ठेवून बघणार हाय मी."

नमुना मुळातच चांगला होता. तरी मी पुन्हा काढला. गृहस्थ तोवर घड्याळ बघत होते आणि सर त्यांच्याकडे बघत होते.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त छळते.

श्रावणाची झड लागलेली होती. भिंतींना ओल, कागदाला ओल, आणि यंत्र नुसती राख ओकत होतं. त्यातच सर आले ते उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या शाळेत तपासणी होती. बाईंबद्दल वरपर्यंत काहीतरी गेलं होतं आणि साहेब त्यांच्या वर्गावर बसून धडा ऐकणार होते. सरांनाही कॉलेजच्या कामासाठी त्याच रात्रीच्या गाडीनं औरंगाबादला जायचं होतं.

"सगळे धडे तिला पाठ हायेत," यंत्र उघडता उघडता ते म्हणाले. "मला कळत न्हाई मालक, की ती माझा कागद वाचती का पाठ म्हणती. मला वाईट वाटू नये म्हणून कागद हातात धरत आसंल तर? परीक्षा घ्यावी तर तिला लगेच कळंल."

"मग पाठ असलं तर अडचण काय आहे, सर? धडा तर होईल."

"साहेबाला फसवता यील," ते म्हणाले. "मला माझं कळायला पायजे."

पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून त्यांनी कागद भाजीसारखे सुकवले. पावडरीला गुस्सा चढावा म्हणून आधी पूर्ण काळे कागद काढत राहिले. खोलीभर गरम, आंबूस वास सुटला. हळूहळू करडं हटलं. 'आमचे शेत' या धड्याची पानं एकामागून एक बाहेर आली, पांढरीशुभ्र, वर कोळशासारखी काळी अक्षरं. एक पान राहिलं आणि लाईट गेली.

"लाईट आल्यावर काढा अन् सकाळी बाईला द्या," असं म्हणून सर पावसात निघून गेले.

लाईट उजाडल्यावर आली. तोवर यंत्र गार झालं होतं. सरांसारखे काळे कागद काढायला हवे होते, पण तेवढी उसंत नव्हती. मी ते एक पान काढलं. करडेपणा फारसा नव्हता. फक्त एका ओळीत, 'बाबांनी शेतात खत टाकले' यातल्या 'ख'च्या डोक्यावर खसखशीएवढा ठिपका बसला होता. दुसरं पान काढायला गेलो तोच लाईट पुन्हा गेली, आणि दारात बाई छत्री मिटत होत्या.

"बाई, एक ठिपका पडलाय," मी म्हणालो. "ब्लेडनं खरवडून बघतो."

"राहू द्या भाऊ, बस लागली आसंल. कुठं पडलाय?"

मी कागदावर बोट ठेवून दाखवलं. "'खत'च्या ख वर. खंत झालंय. तो धरू नका."

बाईंनी कागद तिरपा करून डोळ्याच्या कडेशी नेला. त्यांना काय दिसलं मला माहीत नाही. त्या किंचित हसल्या. "शेतात खंत टाकली! बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या, आणि कागद पदराखाली धरून स्टँडकडे गेल्या.

औरंगाबादहून परतल्यावर सर आले, ते पायरीवरूनच ओरडत. गुस्सा कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही. शाळेतल्या एका गुरुजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"मालक! तिनं खंत वाचलं!"

बाई एक एक ओळ वाचत होत्या आणि रिवाजाप्रमाणे पोरं मागून म्हणत होती. बाई म्हणाल्या, 'बाबांनी शेतात खंत टाकले.' सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडला, 'बाबांनी शेतात खंत टाकले!' साहेब दचकले. "बाई, खंत?" त्यांनी विचारलं.

"अन् ही काय म्हणली माहिताय?" सरांचे हात हवेत होते. "म्हणली, 'खत पायजे साहेब. पण कागदावर अनुस्वार पडलाय, तो बघा.' साहेबानं कागद घेतला. तर हाय की ठिपका! साहेबाला तो चष्मा लावून शोधावा लागला! पुस्तक काढून ठिवलं होतं म्हणं तिची परीक्षा घ्यायला, ते तसंच पिशवीत घातलं. म्हणला, 'तुमची नजर तर माझ्यापेक्षा तेज हाय, बाई.'"

"वा," मी म्हणालो.

"आरं, पाठ म्हणली असती तर खत म्हणली असती! तिनं वाचलं, मालक. माझा कागद वाचला. खसखशीएवढा ठिपका दिसला तिला!"

जन्मभर ठिपक्यांशी भांडलेला तो माणूस एका ठिपक्यापायी रडायच्या बेताला आला होता. त्यांनी यंत्रावर दोनदा थोपटलं. मग तांब्या घेतला आणि बाहेर धो धो पाऊस पडत असताना मागं जाऊन अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालून आले.

"सर," मी म्हणालो.

"काय?"

त्यांच्या केसांतून पाणी गळत होतं. चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"काही नाही. चहा सांगतो."

मी तेव्हा बोललो नाही. नंतर बोलायची वेळ निघून गेली, असं मी स्वतःला सांगत आलो. बाईंना तो ठिपका दिसला होता की माझ्या बोलण्यातून कळला होता, हे मला आजही माहीत नाही. त्यांनी तो साहेबांसाठी वाचला की सरांच्या कानावर जावा म्हणून वाचला, हेही माहीत नाही. दोन्ही करायची अक्कल त्यांच्यात होती. मला एवढंच माहीत होतं की सर ज्याला पुरावा समजत होते, तो पुरावा राहिला नव्हता, आणि हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं.

बाईंनी पुढच्या उन्हाळ्यात आपण होऊन शाळा सोडली. "पोरं पाटी दाखवायला येत्यात, मला नुसते हात दिसत्यात," म्हणाल्या. सरांना ते पटलं नाही. "उगंच सोडली. दिसतंय तिला," असं ते म्हणत राहिले. ठिपक्याची गोष्ट त्यांनी कॉलेजात सांगितली, गल्लीत सांगितली, चारठाण्याला भावकीत जाऊन सांगितली. मी समोर असलो की शेवटी हमखास म्हणायचे, "खोटं वाटत आसंल तर विचारा मालकाला." आणि मी मान हलवायचो. किती वर्षं हलवली! प्रत्येक वेळी वाटायचं, ही शेवटची.

यंत्रं बदलली. आताच्या प्रिंटरला पावसाळा कळत नाही. पावडर बंद डब्यात येते, तिचा राग कारखान्यातच ठरलेला असतो. सर निवृत्त झाल्यावरही येत, नवं यंत्र बघून तोंड वाकडं करत आणि बाकावर बसून राहत. एका उन्हाळ्यात ते यायचे थांबले.

ते गेल्याचं कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. बाई दारालगत बसल्या होत्या. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. खुंटीवर तो कापलेला मफलर होता.

"भाऊ ना?" त्या म्हणाल्या. "तुमी चप्पल घासत चालता. बसा."

मी बसलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. माणसं उठून गेली. मग बाईंनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. माझ्या जरा उजवीकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या ठिपक्याचं त्यांना कधी सांगितलंत का?"

"नाही बाई. जमलं नाही."

"मीबी न्हाई." त्यांनी मांडीवरच्या पदराची घडी बोटांनी सारखी केली. "सांगितलं असतं तर गुस्सा जमिनीत उतरला असता त्यांचा."